अमृतच्या लग्नाच्या गाद्या

सोनई, २० जानेवारी २०२५

अमृत,

तुला चाचीचा आशीर्वाद, आणि त्याआधी थोडी बोलणी. चार दिवसांत अकरा फोन केले, एकही उचलला नाहीस. शेवटी तुझ्या आईकडून तुझ्या बँकेच्या नव्या शाखेचा पत्ता घेतला आणि पोस्टातून पाकीट आणलं. तिकडे भंडारदऱ्याच्या रस्त्याला टपाल पोचतं की नाही कोण जाणे. सातवीपर्यंत शिकले त्याचा आज उपयोग होतो आहे, चुका काढत बसू नकोस.

काम असं आहे. फलकच्या नर्सिंग कॉलेजचा दुसरा हप्ता बारा हजार. तुझ्या चाचांनी मोठ्या झोकात चेक लिहिला. आकड्यापुढे रेघ मारायची, जागा मोकळी सोडायची नाही, हे तूच शिकवलं होतंस. रेघ मारली, सही केली, फलक तो नगरला घेऊन गेली. आठ दिवसांनी चेक परत. खात्यात तेवढे पैसे नाहीत म्हणे. पोरीला ऑफिसात सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, वडिलांना माहीत नव्हतं का. मार्चअखेर हप्ता भरला नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

आता तूच हिशेब कर. मागच्या वर्षी चाचांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला पैसे काढले, तेव्हा तीन हजार खात्यात ठेवले होते. त्यानंतर आम्ही एक रुपया काढलेला नाही. डिसेंबरात घोडेगावच्या एका लग्नाच्या गाद्यांचे नऊ हजार आले. पैसे जमा झाले की बोलणारा, तू बसवलेला तो डबा दुकानात मोठ्याने बोलला, नऊ हजार रुपये मिळाले. मी चुलीपाशी होते, तिथपर्यंत ऐकू आलं. तीन आणि नऊ बारा होतात ना?

चाचांना मी खरं सांगितलेलं नाही. सहीत फरक पडला म्हणून चेक परत आला, असं सांगून टाकलं. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते पिशवीच्या कागदावर सही गिरवत बसतात. मला ते बघवत नाही. तू कॉम्प्युटरमध्ये बघ आणि चूक कुठे झाली ते कळव. चूक बँकेची असणार, तुझी नव्हे, एवढं मला ठाऊक आहे.

लग्नाची तारीख आईने सांगितली, चार मे. चाचांनी तुझ्या गाद्यांचा कापूस आत्ताच वेगळा काढून ठेवलाय, लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पैसे घेणार नाहीत, तेव्हा उगाच वाद घालू नकोस. निकिता कशी आहे? तिला मऊ गादी आवडते की घट्ट, ते विचार.

तुझी सरवरी चाची

---

सोनई, २९ जानेवारी २०२५

अमृत,

तुझं उत्तर नाही. काल मीच बँकेत गेले. तुझ्या जागेवर आता पंकजा मॅडम म्हणून एक मुलगी बसते. बोलायला चांगली आहे. खुर्ची दिली आणि मशीनमधून कागद काढून एकेक ओळ बोटाने दाखवली.

आमचं खातं करंट खातं आहे. त्यात कायम दहा हजार ठेवावे लागतात. कमी झाले की दर तीन महिन्याला पंधराशे दंड, वर सरकारचा कर, मिळून एक हजार सातशे सत्तर. ऑपरेशनला पैसे काढल्यापासून असे तीनदा कापले. तीन हजार संपले, खातं शून्याच्याही खाली गेलं. मग नऊ हजार आले ते आधी त्या खड्ड्यात गेले. वर चेक परत आला त्याचे पाचशे नव्वद. एकूण पाच हजार नऊशे. पैसे नाहीत म्हणून दंड, आणि दंड घेतला म्हणून पैसे नाहीत. मी मॅडमला म्हटलं, हे पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. तरी मला ते पटलं नाही.

ती विचारत होती, एवढ्याशा गादीच्या दुकानाला करंट खातं कशाला काढलं? मी सांगितलं. तुलाही आठवत असेल, नसलं तर आठवून देते. दोन वर्षांपूर्वीचा मार्च होता. तू मागच्या दाराने आलास, नेहमीसारखा, चपला न काढता. म्हणालास, चाची, मार्चअखेर आहे, दोन खाती कमी पडतात, नाहीतर साहेब मला खातो. चाचा बँकेला नाहीच म्हणत होते. व्याजाचा पैसा घरात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्यात तो चालत नाही, हे तू लहानपणापासून बघितलंस. तू म्हणालास, "चाचा, व्याज न देणारं खातं असतं की. एक रुपया येणार न्हाई, माझा शब्द."

शब्द खरा ठरला. एक रुपया आला नाही. जाईल किती ते तू बोलला नाहीस, आणि आम्ही विचारलं नाही. जो व्याजच देत नाही तो घेईल कशाला, असं आम्हाला वाटलं.

अजून एक. मी म्हटलं, एवढे पैसे कापले तर मेसेज का आला नाही? मॅडम म्हणाली, प्रत्येक वेळी गेलाय. खात्याला जोडलेला नंबर तिने वाचून दाखवला. तो नंबर मला पाठ आहे. याच महिन्यात अकरा वेळा लावला होता. तुमचं कार्ड सारखं बंद पडतं, सध्या माझा नंबर टाकतो, नंतर बदलू, असं तू म्हणाला होतास. म्हणजे डबा आमच्या दुकानात पैसे आले की बोलत होता, आणि पैसे गेले की तुझा खिसा वाजत होता.

मी तुला खोटं ठरवत नाही. कामात राहून गेलं असेल. दिवसाला शंभर मेसेज येत असतील. मॅडमच्या सांगण्यावरून सहा हजार काढून आणले आणि हप्त्यासाठी घरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. शंभर तिथेच राहिले. अजून सहा हजार लागतील. ती म्हणते, ज्याने खातं काढलं त्याने दोन ओळी लिहून दिल्या, की दहा हजारांची अट यांना सांगायची राहिली, तर कापलेलं परत मिळू शकेल. नाहीतर बँक सही दाखवणार. तेवढ्या दोन ओळी लिहून पाठव.

सरवरी चाची

---

सोनई, १४ फेब्रुवारी २०२५

अमृत,

काल तुझा फोन आला, दोन मिनिटांचा. मागे कुणीतरी साहेब साहेब करत होतं. तू म्हणालास, "चाची, फॉर्मवर चाचांची सही हाय. बँकेनं दोन पत्रं पन पाठवली हुती." पत्रं खरंच आली होती.

ती इंग्रजीत होती. कागद जाड, कोरा, एका बाजूने पांढरा. मी त्याचा उशीच्या झालरीचा नमुना कापला. त्या नमुन्यावर वर्षभरात चाळीस-पन्नास उशा झाल्या असतील. काल तुझा फोन ठेवल्यावर नमुना उलटा करून बघितला. पाकळ्यांच्या कडेने अर्धे अर्धे शब्द उरलेत, मधे एक आकडा आहे, दहा हजार. ही माझी चूक, ती मी मान्य करते. चाचांना दाखवलं असतं तर त्यांनी गावातल्या कुणालातरी वाचायला लावलं असतं. मला वाटलं बँक जाहिराती पाठवते.

पण मी नमुना कापला तो कागदाचा. तू तर मेसेज वाचू शकत होतास.

तू म्हणालास नोकरी जाईल. चार मेला लग्न आहे, निकिताचे वडील नोकरी बघूनच तयार झाले. मला हे समजत नाही असं नाही. तुझी आई कांदे काढायला जायची आणि गहिनीनाथभाऊ कारखान्याचा ट्रक चालवायचे, तेव्हा तू दुपारी आमच्याकडे जेवायचास. कापसाच्या गंजीवर झोपायचास. उठल्यावर तुझ्या केसातला कापूस मी काढायची आणि तू ओरडायचास. नोकरी लागली तेव्हा पहिले पेढे आमच्याकडे आले, तुझ्या मामाच्या आधी. मी ते आळीत सांगत फिरले होते. ती नोकरी जावी असं मला वाटेल का?

मी फक्त सांगायचं राहिलं एवढं लिही म्हणते. फसवलं असं लिही म्हणत नाही. तसं मी मनातही आणलेलं नाही.

चाचा तुझ्या गाद्यांचा कापूस एकदा पिंजून झाला तरी परत पिंजतायत. म्हणतात, नव्या नवरीला सरकीचा दाणा टोचला तर आपली अब्रू जाईल. मी त्यांना अजून काही बोललेले नाही. पंधरा दिवस झाले, मला त्यांच्यासमोर बसून जेवण जात नाही.

सरवरी चाची

---

सोनई, ५ मार्च २०२५

अमृत,

रोजे सुरू झालेत. रोज्यात रागावू नये म्हणतात, म्हणून दोन दिवस थांबले. राग गेला नाही, तेव्हा लिहिते.

परवा तुझी आई आली. सरकारचे पैसे जमा झाले का ते बघ म्हणाली आणि पासबुक माझ्या हातात दिलं. आळीतल्या निम्म्या बायकांची पासबुकं मीच वाचते, तुला माहीत आहे. चांगुणाताईच्या खात्यात दोनशे दहा रुपये होते. मी म्हटलं, ताई, एवढे कमी ठेवू नका, बँक कापून घेते. ती हसली. म्हणाली, "माझ्या खात्यात मागं चाळीस रुपयं ऱ्हायले हुते, तरी काय कापत न्हाईत. अमृतनं काढून दिलंय. तो म्हनला, आई, ह्या खात्यात काय बी ठेवू नको, तरी चालतंय."

मी पहिलं पान उघडलं. कितीही शिल्लक चालणारं साधं बचत खातं. उघडल्याची तारीख सत्तावीस मार्च दोन हजार तेवीस. आमचीही तीच.

म्हणजे तू त्या दिवशी आमच्या मागच्या दारातून निघालास आणि घरी जाऊन आईचा फॉर्म भरलास. की आधी आईचा भरलास आणि मग आमच्याकडे आलास? एवढं मला सांग. पेन तेच होतं का?

तुला सगळं ठाऊक होतं. कुठल्या खात्यात गरिबाचं नुकसान नाही, हे ठाऊक होतं. आईला त्यात बसवलंस. चाचीला दुसऱ्यात बसवलंस, कारण साहेबाला करंट खाती हवी होती. मी पंकजा मॅडमकडे पुन्हा गेले. ती म्हणाली, तुमच्या समाजातले पुष्कळ लोक साधं बचत खातंच ठेवतात, व्याजाची रक्कम निघेल ती बाजूला काढून कुणा गरजूला देतात. कुणाचं काही अडत नाही. तूही हे सांगू शकला असतास. चाचांनी ऐकलं असतं, कारण तू सांगितलं असतंस.

सांगायचं राहिलं असं तू लिहून दे, असं मी मागे दोनदा लिहिलं. ते मी परत घेते. राहिलेलं नव्हतं.

मी चांगुणाताईला काही बोलले नाही. पासबुक परत दिलं, म्हटलं पैसे जमा झालेत. ती तुझ्या लग्नाच्या साड्यांविषयी बोलत बसली. ती तुझी आई आहे म्हणून नव्हे, तिचा यात काही गुन्हा नाही म्हणून मी ऐकत राहिले.

सरवरी

---

सोनई, २३ मार्च २०२५

अमृत,

तुझं पाकीट आईच्या हातून पोचलं. आत पाच हजार नऊशे रुपये, मोजून. आई म्हणाली, "अमृतनं लई भांडून बँकेकडनं परत आनलं बग." तिला किती आनंद झाला होता. मी तिला चहा देऊ शकले नाही, रोजा होता, पण तिनेच माझे हात धरले.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत विचारलं. बँकेने एक रुपया परत केलेला नाही. पैसे तुझे आहेत. म्हणजे तू आईशीही खोटं बोललास, आणि ते तिच्याच तोंडून माझ्याकडे पाठवलंस. खरं लिहून दिलं असतंस तर कागदावर दोनच ओळी लागल्या असत्या. नोटा देऊन ओळी वाचवल्यास.

पाकीट परत पाठवावं असं वाटलं. लिहिताना सोपं वाटतं. पण मार्चअखेर आठ दिवसांवर आहे, फलकची परीक्षा आहे आणि आमच्या पत्र्याच्या डब्यात सहा हजारच आहेत. मी पाकीट ठेवलं. मला त्याची लाज वाटत नाही, आणि वाटतेही.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर चाचांनी पाकीट बघितलं. विचारलं, हे कुठून? रोज्याच्या दिवसांत माझ्याने खोटं बोलवेना. सहीची गोष्ट, दंडाची, नंबराची, आईच्या पासबुकाची, सगळं सांगितलं. ते खजूर हातात धरून ऐकत होते. मग विचारलं, "म्हंजी माजी सही बरोबर हुती?" मी हो म्हटलं.

त्यांनी खजूर ताटात ठेवला. म्हणाले, "आपन व्याज घेतलं न्हाई म्हून त्यांनी आपल्याकडनं घेतलं. असू दे. पन त्यानं कशाला?" हे त्यांनी मला विचारलं, जणू मला उत्तर माहीत आहे.

मग उठून दुकानात गेले. मला वाटलं तुझा कापूस उचलून फेकतात. त्यांनी डब्याची वायर काढली, डबा कापडात गुंडाळून फळीवर ठेवला आणि पैसे भरायच्या चौकोनी चित्रावर कागद चिकटवला. आता गिऱ्हाइकाला रोख द्या म्हणतात. तुझ्या कापसाला त्यांनी हात लावला नाही. गादी शिवायची की नाही, हेही सांगितलं नाही.

ईदला तू दरवर्षी येतोस. मोठं भांडं तुझ्यासाठीच काढते मी. या वेळी ते काढू की नको, ते कळव.

सरवरी

---

सोनई, २७ एप्रिल २०२५

श्री. अमृत गहिनीनाथ यांस,

ईदला तू आला नाहीस. बरं केलंस. भांडं मी काढलं होतं.

फलकचा हप्ता भरला. सहा हजार आमचे, पाच हजार नऊशे तुझे आणि शंभर मी ब्लाऊज शिवून मिळवले. काल तिचा पहिला पेपर झाला, सोपा गेला म्हणते.

खातं बंद करायला गेलो. मार्चअखेर आणखी एक हजार सातशे सत्तर कापले. शंभर होते, त्यामुळे आता आमच्याकडेच एक हजार सहाशे सत्तर निघतात. ते भरल्याशिवाय बंद होणार नाही म्हणतात. चाचांनी तक्रारीचा अर्ज दिला. पंकजा मॅडमने लिहून दिला, सही चाचांनी केली, एकदाच, न गिरवता. अर्जात विचारलं होतं, खातं कुणी उघडून दिलं. आम्ही तुझं नाव लिहिलं, कारण खरं तेच आहे. चार मे होऊ द्यायची का, यावर आमच्यात आठ दिवस बोलणं झालं. चाचा म्हणाले, पोराच्या हळदीला गालबोट नको. म्हणून अर्ज पाच मेच्या तारखेचा आहे. मॅडमच्या टेबलाच्या खणात पडून आहे. आईला तू स्वतः सांगायचं असेल तर हातात आठ दिवस आहेत.

आता गाद्यांचं. चांगुणाताईने परवा विचारलं, झाल्या का. चाचांनी त्याच दिवशी शिवायला घेतल्या. मी शेजारी बसून दोरा भरत होते. माझ्या मनात आलं होतं, लपवणार नाही. एक किलो कापूस आत कमी टाकला तर कोण उघडून बघणार? दोन वर्षांनी बसली असती आणि तुला वाटलं असतं, जुनी झाली. खोळीच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणूनच कमी टाकायचं नसतं, असं तुझ्याच चाचांनी मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. त्यांनी तराजूवर दोनदा वजन केलं आणि दुसऱ्या वेळी मूठभर वर टाकला.

पण फुकट देणार नाहीत. तुझे पाच हजार नऊशे बँकेचे नव्हते, तेव्हा ते आमच्याकडे कशाबद्दल आले, हे त्यांना ठरवायचं होतं. कुणाचे पैसे विनाकारण घरात ठेवायचे नाहीत, मग ते व्याजाचे असोत की पश्चात्तापाचे. त्यांनी बिल करायला सांगितलं. मी बेरीज पाच हजार केली होती, दुलई आमच्याकडून धरली होती. ते म्हणाले, दुलईपन लिव्ह. म्हणजे मागे काही उरणार नाही.

गाद्या दोन, प्रत्येकी अकरा किलो कापूस, खोळ आणि शिलाई धरून दर दोन हजार दोनशे, एकूण चार हजार चारशे.
उशा चार, दर दीडशे, एकूण सहाशे.
दुलई एक, नऊशे.
एकूण पाच हजार नऊशे. आगाऊ मिळाले.

याच्यापलीकडे काही लागणार नाही. आज नाही, तीन महिन्यांनी नाही, शून्याच्या खालीही नाही. उशांच्या झालरीसाठी मी नवा नमुना कापला.

गाद्या एक तारखेला टेम्पोने तुझ्या घरी पोचतील. उन्हात एक दिवस टाका. निकिताला आशीर्वाद, ती आमच्या वाईटात नाही. कापूस दोन-तीन वर्षांत बसतो, मग गादी उसवून परत पिंजावी लागते. तेव्हा आणलीस तर चाचा पिंजून देतील, जो दर असेल तो आधी सांगतील. गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणत नाही.

फक्त आलास तर पुढून ये, दुकानाच्या दाराने. मागचं दार आता आतून लावलेलं असतं.

सरवरी रज्जाक पिंजारी